खटका स्मार्ट झाला, पण भिंतीतल्या वायरींचं काय?

‘दिवा लाव गं’ हे वाक्य आता माणसाला नव्हे, भिंतीला उद्देशून म्हणायचे दिवस आले आहेत. नव्या घराच्या वास्तुशांतीला गेलं, की यजमानीणबाई आधी देवघर दाखवतात, मग ओटा दाखवतात आणि मग मोबाइल पुढे करून म्हणतात, "हे बघा हं, इथून दाबलं की आतल्या खोलीतला दिवा!" आत दिवा लागतो, बायका कौतुक करतात, आणि परतताना रिक्षातच विषय निघतो, "अहो, आपणही बसवून घेऊ या का?"

बसवायला काहीच हरकत नाही. सासूबाईंना रात्री उठल्यावर अंधारात खटका चाचपडावा लागत नाही. मुलांनी लावून ठेवलेला गच्चीवरचा दिवा अंथरुणातूनच मालवता येतो. चार दिवस गावाला गेलं तरी तिन्हीसांजेला घरात उजेड होतो आणि घर बंद असल्याचं बाहेरच्याला कळत नाही. या सोयी खऱ्या आहेत आणि दुकानदार त्या हौसेने सांगतो. एक गोष्ट मात्र तो सांगू शकत नाही, कारण ती त्याच्या दुकानात नसून आपल्या भिंतीत असते. हा खटका चालायला बोर्डात जी वायर लागते, ती आपल्या बोर्डात आहे का?

हा प्रश्न आपणच विचारायला हवा, त्याला कारण आहे. वायरमन येणार सकाळी दहा-अकराला. तेव्हा बाकीची मंडळी ऑफिसात नाहीतर शाळा-कॉलेजात. माझी शाळा दुपारची, त्यामुळे आमच्याकडे शिडी धरायला, चहा द्यायला आणि "वहिनी, हे असं करू का?" या प्रश्नाला "करा" म्हणायला मीच घरी असते. बहुतेक घरांत थोड्याफार फरकाने असंच असतं. ते ‘करा’ समजून-उमजून म्हणता यावं, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

तीन वायरींची ओळख

आपल्या घरात येणारी वीज साधारण २३० व्होल्टची असते. तिला चालायला दोन वाटा लागतात. एक फेजची आणि दुसरी न्यूट्रलची. फेजच्या वाटेने वीज दिव्यापर्यंत पोचते आणि न्यूट्रलच्या वाटेने परत फिरते. दोन्ही वाटा पुऱ्या असल्या तरच दिवा लागतो. खटका म्हणजे फेजच्या वाटेवरचं दार. दार उघडलं की वीज पुढे जाते, लावलं की थांबते. साध्या खटक्याचं काम एवढंच, म्हणून त्याला फेजची वायर आत यायला आणि तीच पुढे दिव्याकडे जायला, अशा दोनच वायरी पुरतात. न्यूट्रलशी त्याचं काही देणंघेणं नसतं.

तिसरी वायर अर्थची. तिच्यातून रोज वीज जात नाही, जाऊही नये. फ्रीज, गिझर, धुण्याचं यंत्र यांच्या आत एखादी वायर सुटून पत्र्याला चिकटली, तर त्या विजेने आपल्या अंगातून न जाता मुकाट्याने जमिनीत जावं, यासाठी ती ठेवलेली असते. नाटकगृहाला संकटाच्या वेळी बाहेर पडायला जसं मागचं दार असतं, तसं हे घराचं मागचं दार समजा. ते एरवी बंद आणि मोकळंच असायला हवं.

आता रंग. आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे भिंतीतली फेजची वायर लाल, पिवळी किंवा निळी असते, न्यूट्रल काळी आणि अर्थ हिरवी. पण उपकरणांबरोबर जी वायर येते तिच्यात फेज तपकिरी आणि न्यूट्रल निळी असते. काही स्मार्ट खटक्यांच्या वायरीही अशाच असतात. म्हणजे भिंतीतली निळी वायर फेजची असू शकते आणि खटक्याची निळी न्यूट्रलची! निळीला निळी जोडली की काम झालं, असं इथे चालत नाही. त्यातून जुन्या घरांत त्या दिवशी पिशवीत जो रंग शिल्लक होता तोच ओढलेला असतो. तेव्हा रंगावर भरवसा न ठेवता प्रत्येक वायर तपासूनच जोडायला सांगावं.

खटक्यात बसलेला पहारेकरी

स्मार्ट खटका नुसतं दार नाही. त्या दारात एक पहारेकरी बसवलेला आहे. मोबाइलवरून निरोप आला की दार उघडायचं, निरोप आला की लावायचं, हे त्याचं काम. निरोप कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून त्याला चोवीस तास जागं राहावं लागतं. दिवा बंद असतानाही त्याला थोडी वीज लागते. ती एक वॉटच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, त्यामुळे बिलाची फार काळजी नको. पण थोडी असली तरी ती वीजच. तिला यायला फेज आणि परतायला न्यूट्रल, अशा दोन्ही वाटा लागतात. म्हणून बहुतेक स्मार्ट खटक्यांवर ‘एल’ आणि ‘एन’ अशी दोन्ही अक्षरं लिहिलेली असतात. ‘एल’ म्हणजे फेज, ‘एन’ म्हणजे न्यूट्रल.

साध्या खटक्याला न्यूट्रल लागत नव्हतं, म्हणून पुष्कळ जुन्या घरांत ते प्रत्येक बोर्डापर्यंत आणलेलंच नाही. ते वरच्यावर छतातून थेट दिव्याकडे गेलेलं असतं. वायरमनने चूक केली असं नव्हे. त्या वेळी तेवढ्याने भागत होतं.

पेचकस न लावता पाहणी

आपल्याकडे काय आहे याचा बराचसा अंदाज बोर्डाला हात न लावता घेता येतो. एक वही घ्या आणि घरभर फिरा.

ज्या बोर्डावर खटक्यांबरोबर प्लग लावायची जागा आहे आणि तिथे मोबाइल चार्ज होतो, त्या बोर्डात न्यूट्रल असणारच, कारण त्याशिवाय प्लग चालत नाही. आपल्याकडे हॉल आणि झोपायच्या खोलीतल्या मोठ्या बोर्डांवर बहुधा प्लग असतोच. तिथलं काम सोपं. बोर्डावर वीज आल्याची खूण दाखवणारा बारीक तांबडा दिवा असेल, तरी न्यूट्रल असल्याचीच शक्यता जास्त.

ज्या बोर्डावर नुसते खटकेच आहेत, तिथे शंका घ्या. बाथरूमबाहेरचा खटका, जिन्याचे खटके, पलंगाशेजारचा एकुलता एक खटका, दाराजवळची दोन बटणं, ही ती ठिकाणं. न्यूट्रल तिथे असेलही, नसेलही. अशा बोर्डापुढे वहीत फुली मारून ठेवा.

मग मीटरजवळच्या पेटीकडे या. तिच्यातले छोटे एमसीबी एकेक करून बंद करा आणि कोणत्या खोलीतलं काय बंद पडतं ते लिहा. हे काम दिवसाउजेडी करावं, म्हणजे अंधारात धडपड नको. (त्याआधी मुलाचा कॉम्प्युटर बंद आहे ना ते बघा, नाहीतर घरात वेगळाच स्फोट व्हायचा!) या कामाला अर्धा तास पुरतो. तो कागद स्वच्छ अक्षरात उतरवून पेटीच्या दाराला आतून चिकटवा. पुढे कोणताही वायरमन आला तरी त्याला पहिल्यांदा हाच कागद लागेल.

पाहणीत आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. खटका बंद केल्यावरही एखादा एलईडी दिवा रात्री मिणमिणतो का? पूर्वीच्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बला इतक्याशा विजेने काही होत नसे. एलईडीला मात्र जराशी वीजही पुरते. कधी खटक्यातल्या बारीक तांबड्या दिव्यामुळे हे होतं, कधी लांबवर शेजारी-शेजारी धावणाऱ्या वायरींमुळे. पण कधी खटका फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला असतो, आणि तसं असेल तर बाब गंभीर. दिवा विझला तरी होल्डरमध्ये फेज जिवंत राहते. बल्ब बदलताना बोट लागलं की झटका. असा दिवा वायरमनला आवर्जून दाखवा आणि ती दुरुस्ती आधी करून घ्या. स्मार्ट खटका मागाहून.

मागच्या दाराने ये-जा नको

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. फुली मारलेल्या बोर्डात न्यूट्रल निघालं नाही, तर घाईतला वायरमन काय करतो? बोर्डात हिरवी वायर असली, तर पहारेकऱ्याची न्यूट्रलची वायर तिलाच जोडून देतो. खटका चालतो. मोबाइलवरून दिवा लागतो. सगळे खूश होतात. पण मागचं दार आता रोजच्या ये-जेला वापरात आलं.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका वहिनींकडे हेच झालं. पहिल्या दिवशी दोन खोल्यांत खटके बसले, काही बिघडलं नाही. पुढच्या आठवड्यात उरलेल्या खोल्यांचं काम झालं आणि त्यानंतर घरातली वीज अवेळी जायला लागली. पेटीतला आरसीसीबी, ज्याला आपण ‘ट्रिप’ म्हणतो, तो पुन्हा पुन्हा खाली पडू लागला. वायरमन म्हणाला, "वहिनी, तुमची ट्रिप खराब आहे. काढून टाकतो, त्रासच नको." वहिनींनी त्याला विचारलं, "दादा, दहा वर्षं ही कधी पडली नाही. खटके बसवल्यावरच का पडायला लागली?" उत्तर मिळेना, तेव्हा त्यांनी दुसरा परवानाधारक माणूस बोलावला. त्याने बोर्ड उघडले, तर पाच बोर्डांत खटक्याचं न्यूट्रल हिरव्या वायरीला गुंडाळलेलं!

ती ट्रिप खराब नव्हती, आपलं काम चोख करत होती. शाळेची सहल नेली की मी बसमधून उतरलेली मुलं मोजते आणि परत चढलेली मुलं मोजते. एक जरी कमी भरलं, तर बस हलत नाही. आरसीसीबी तेच करतो. फेजने गेलेली वीज न्यूट्रलने तेवढीच परत आली का, हे तो सतत मोजत असतो. घरगुती आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो. तेवढी तफावत होण्याच्या आत तो वीज तोडतो. एक वॉटच्या पहारेकऱ्याची वीज चार-साडेचार मिलिअँपिअर. अर्थमधून एवढी गेली तर ट्रिप पडत नाही, म्हणून पहिल्या दिवशी काही कळलं नाही. पाच-सहा ठिकाणची गळती एकत्र झाली, आणि हिशेब जमेना.

आणि घरात आरसीसीबी नसताच तर? मग काहीच कळलं नसतं. हिरवी वायर कुठेतरी गंजून तुटेपर्यंत सगळं सुरळीत दिसलं असतं. ती तुटली, की पहारेकऱ्यामधून आलेल्या विजेला जमिनीत जायची वाट उरत नाही. मग ती त्याच हिरव्या वायरीला जोडलेल्या फ्रीजच्या, धुण्याच्या यंत्राच्या, गिझरच्या पत्र्यावर येऊन थांबते. ओल्या हाताने आणि अनवाणी पायांनी या वस्तूंना दिवसातून दहा वेळा कोण हात लावतं, हे सांगायला नको. त्यातून त्याच दिवशी गिझरमध्ये काही बिघाड झाला, तर वाचवायला ठेवलेली वायर आधीच निकामी झालेली. म्हणून दोन वाक्यं पाठ करून ठेवा. "अर्थला न्यूट्रल जोडायचं नाही." "ट्रिप काढायची नाही, कारण शोधायचं."

न्यूट्रल नसेल तर काय करावं?

यावर सरळ उपाय म्हणजे पाइपातून नवी न्यूट्रल वायर ओढून घेणं. पाइप तुंबला असेल, तर भिंतीवरून केसिंगची बारीक पट्टी न्यावी लागते. दिसायला थोडी कमी छान, पण काम पक्कं. मात्र हे न्यूट्रल त्याच एमसीबीच्या वाटेवरचं हवं. शेजारच्या खोलीचं जवळ पडतं म्हणून उसनं आणू नये. दोन खोल्यांचे आरसीसीबी वेगळे असले, तर सहलीच्या दोन बसमधली मुलं एकमेकांच्या बसमध्ये बसल्यासारखं होतं आणि दोन्ही अडतात. शिवाय एक एमसीबी बंद करून काम करणाऱ्याला त्या उसन्या न्यूट्रलमधून झटका बसू शकतो.

दुसरा उपाय म्हणजे न्यूट्रल न लागणारा स्मार्ट खटका. तो दिव्यातूनच थोडी थोडी वीज पाठवून आपल्या पहारेकऱ्याचं पोट भरतो. लहान एलईडी असला तर बंद असतानाही तो मिणमिणतो किंवा लुकलुकतो. मग दिव्यापाशी एक छोटा कपॅसिटर बसवावा लागतो. घेताना तो खटक्याबरोबर मिळतो का ते विचारावं.

तिसरा उपाय भाड्याच्या घरासाठी उत्तम. खटका राहू द्या तसाच, बल्बच स्मार्ट घ्या. फक्त भिंतीवरचा खटका कायम चालू ठेवावा लागतो, हे घरातल्या सगळ्यांना पटवणं तेवढं आपल्याकडे!

वीज सुरक्षेच्या नियमांत दिवा, पंखा, फ्यूज किंवा खटका जसाच्या तसा बदलण्यापुरती सूट आहे. नवी वायर ओढायची, नवा पॉइंट काढायचा, तर ते काम परवानाधारकाकडूनच व्हायला हवं. परवाना बघायला मागण्यात संकोच कसला? गॅस सिलिंडर घेताना आपण सील बघतोच की.

इन्व्हर्टर, जिना, पंखा आणि गिझर

इन्व्हर्टर असलेल्या घरांत एकाच बोर्डात दोन फेज असू शकतात. एक थेट मीटरकडून आलेली, दुसरी इन्व्हर्टरमधून. साध्या खटक्यांना त्या वेगवेगळ्या जोडलेल्या असतात. चार बटणांच्या स्मार्ट खटक्यात मात्र बहुधा सगळ्यांना मिळून एकच फेज असते. न बघता दोन्ही एकत्र केल्या, तर इन्व्हर्टर जळू शकतो. शिवाय वीज गेलेली असताना इन्व्हर्टरची वीज उलटी बाहेरच्या लाइनकडे जायचा धोका राहतो. लाइन बंद आहे असं समजून तिथे कुणी काम करत असेल, याचा विचार करा. "या बोर्डात इन्व्हर्टरची वायर आहे" हे वायरमनला सुरुवातीलाच सांगा.

जिन्याचा दिवा खालूनही लागतो आणि वरूनही विझतो. तिथले खटके ‘टू-वे’ असतात आणि त्यांच्या वायरींची रचना निराळी असते. तिथे टू-वे चालणाराच स्मार्ट खटका लागतो. साधा बसवला, तर दुसरा खटका कुणी दाबताच पहारेकऱ्याची वीजच तुटते.

पंख्यासाठी पंख्याचाच स्मार्ट रेग्युलेटर घ्यावा आणि जुना रेग्युलेटर त्या वाटेवरून काढून टाकावा. दोन्ही राहिले तर पंखा घुमतो. गिझर, एसी, पाण्याचा पंप दिव्याच्या खटक्यावर कधीच नको. २००० वॉटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, ३००० वॉटचा १३. खटक्यावर किती अँपिअर लिहिलेत ते वाचावं. गिझरला १६ अँपिअरचाच लागतो.

बसवून झाल्यावर

वायरमनला निरोप देण्याआधी तीन गोष्टी करून बघा. वायफाय बंद करून भिंतीवरच्या बटणाने दिवा लागतो ना? एमसीबी बंद करून पुन्हा चालू केल्यावर दिवे आपोआप पेटतात की विझलेलेच राहतात? ते खटक्यातच ठरवून ठेवता येतं. नाहीतर मध्यरात्री गेलेली वीज पहाटे तीनला आली, की घरभर दिवाळी! आणि बोर्डाची झाकणं नीट बसलीत ना? मागे वायरी कोंबून झाकण दाबलेलं नसावं.

घरातल्या सगळ्यांना एक नियम घालून द्या. स्मार्ट खटका बंद आहे म्हणजे वीज बंद आहे, असं धरायचं नाही. दिवाळीच्या साफसफाईत आपण स्टुलावर उभ्या राहून पंखा पुसत असतो, आणि बाहेरच्या खोलीत बसलेलं लेकरू गंमत म्हणून मोबाइलवर पंखा चालू करतं. म्हणून बल्ब बदलायचा असो की पंखा पुसायचा, आधी पेटीतला एमसीबी खाली. कोणता, ते दाराला चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं आहेच.

आणि पेटी उघडलीच आहे, तर आरसीसीबीवरचं ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण एकदा दाबा. खटकन वीज गेली पाहिजे. गेली, तर तो जागा आहे. पुन्हा वर करा. नाही गेली, तर तो लगेच बदलून घ्या. दर महिन्याला दुधाचा हिशेब करतो, त्याच दिवशी हेही करावं. म्हणजे वेगळं लक्षात ठेवायला नको.